आबा नकाशा हातात का धरत नाहीत

आबांच्या घरात कुणीतरी बाई येत असावी, असा मला पहिला संशय आला तो कांद्यामुळे. फ्रिजमध्ये एका वाटीत चिरलेला कांदा होता आणि त्याचा एकेक तुकडा दुसऱ्याचा जुळा भाऊ वाटावा इतका सारखा होता. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा कांदा अजून तसा चिरला जात नाही. आणि माझे वडील तर असे, की आई होती तोवर त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा. मग हा कांदा चिरला कुणी?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई म्हणतात, दूध उतू गेलं तर ही आधी गॅसवर खटला भरेल. सांगलीला मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. मुलांनी आणलेल्या दाखल्यांत खोटा कुठला ते बघणं, हेच माझं काम. तिथं संशय हा गुण समजतात. घरी तसं नसतं.

आबा साताऱ्यात एकटे राहायचे. आमचं गाव उंब्रजजवळचं, पण मिलिटरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी साताऱ्यात टेकडीच्या पायथ्याला दोन खोल्या बांधल्या आणि आईला घेऊन तिकडं गेले. आई गेल्यावर मी दर शनिवारी सांगलीहून एसटीनं यायला लागले. एकटा माणूस, काही कमी-जास्त झालं तर कळणार कसं, हे एक कारण. दुसरं कारण शर्यतीचं.

त्या टेकडीवर एक बाग आहे. बाग म्हणायचं, पण खालची पाण्याची टाकी आणि थोड्या पायऱ्या सोडल्या तर वर सगळं रानच. कमरेएवढं गवत, घळी, आणि पलीकडच्या अंगाला दगडाची जुनी खाण. रोज सकाळी तिथं फिरायला येणाऱ्यांचं एक मंडळ आहे. मंडळाचे अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. त्यांची नात पाचगणीच्या शाळेत आहे. तिथं त्यांनी एक खेळ पाहिला: हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, डोंगरात ठिकठिकाणी लावलेले नारिंगी-पांढरे झेंडे ओळीनं शोधायचे, प्रत्येक झेंड्यापाशी टांगलेल्या चिमट्यानं आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि सगळ्यांच्या आधी परत यायचं. त्याला ओरिएंटियरिंग म्हणतात. मंडळातले सगळे त्याला सरळ नकाशाची शर्यत म्हणायचे. गणपती उठले की आपल्या टेकडीवर जोड्यांची शर्यत घ्यायची, असं ठरलं.

शिकवणार कोण, हा प्रश्न साताऱ्यात फार वेळ टिकत नाही. इथं डोळे मिटून दगड मारला तर तो उसाला लागतो, नाहीतर रिटायर फौजीला. मंडळात फौजी एकच, आमचे आबा. अध्यक्ष म्हणाले, "तुमचं सगळं आयुष्य नकाशे वाचण्यात गेलं. तुम्हीच आमचे मास्तर." आबा म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे लोक होकारच धरतात. मी तर तिथल्या तिथं आबा आणि मी अशी जोडीची नावं देऊन मोकळी झाले.

त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आबांची धुक्याची गोष्ट ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो होतो. सुट्टीवर आले की सांगायचे. वर बर्फाच्या डोंगरात तुकडी गस्तीला गेलेली, धुकं असं उतरलं की स्वतःच्या हाताची बोटं दिसेनात, वायरलेस बंद. "आन् समदी पोरं मीच आनली माघारी," एवढं म्हणून आबा थांबायचे. कशी आणली, ते कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. 'माझे वडील' या निबंधात मी लिहिलं होतं की वडिलांच्या हातात होकायंत्र होते. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. घरी आल्यावर मी आबांनाही वाचून दाखवला, तेव्हा ते उठून गोठ्यात गेले होते. लाजले असतील, असं मी समजले.

पहिल्या रविवारी आबांनी सगळ्यांना टाकीपाशी रांगेत उभं केलं. बुटांच्या नाड्या पाहिल्या, पाण्याच्या बाटल्या हलवून पाहिल्या. मग सकाळपासून पोटात काय गेलंय ते एकेकाला विचारलं. अध्यक्षांनी नुसता चहा घेतलाय म्हटल्यावर त्यांना उभ्या उभ्या केळी खायला लावली. "रिकाम्या पोटी मानूस डोंगरात चुकतोच," म्हणाले. मंडळ खूश. काय ती शिस्त! मग पाचगणीच्या सरांनी करून दिलेले नकाशे वाटले गेले. आबांनी आपला नकाशा माझ्या हातात दिला.

"तूच धर. माझा चश्मा ऱ्हायला घरी."

पुढच्या रविवारी चष्मा खिशात होता, पण घामानं काचा ओल्या होतायत, असं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम नकाशा त्यांच्या हातात कोंबला. आबांनी तो समोर धरला, भुवया वर केल्या, मान हलवली आणि "हां, ठीक हाय" म्हणाले. नकाशा उलटा होता. टाकी आमच्या पायाशी, आणि आबा तिला नकाशाच्या डोंगरमाथ्यावर शोधत होते.

मी आधी डोळ्यांवर संशय घेतला. घरी गेल्यावर पेपरातलं बारीक अक्षरातलं भविष्य त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्म्याशिवाय माझी रास वाचून दाखवली. वर "वाणीवर ताबा ठेवा" हे दोनदा वाचलं. म्हणजे डोळे ठणठणीत. मग संशय डोक्यावर गेला. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, आधी रस्ता चुकले, मग माणसं विसरले. मी आबांना सहज विचारल्यासारखं करून सांगली ते सातारा एसटीचे सगळे थांबे विचारले. त्यांनी ते ओळीनं सांगितले आणि म्हणाले, "तू दर शनवारी येतीस आन् मला इचारतीस? डोस्कं ठिकानावर हाय न्हवं तुजं?"

डोळे ठीक, डोकं ठीक. म्हणजे माणूस लपवतोय. आणि घरात तो कांदा. एका शनिवारी पातेल्यात राजमा निघाला. आमच्या घराण्यात राजमा कधी शिजला नव्हता. आईचा मसाल्याचा डबा घासूनपुसून लखलखीत, पळ्या मापानं टांगलेल्या. आणि ओट्यावर एक स्टीलचा डबा, झाकणावर समोरच्या काकूंच्या घरचं आडनाव कोरलेलं. समोरच्या काकू म्हणजे रिटायर नर्स, विधवा, बोलायला गोड. पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी डबा परत करायच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेले.

"काकू, हा डबा तुमचाच ना? रोज पाठवता का?"

काकूंनी डबा घेतला आणि हसल्या. "आगं, शेजारपाजारी देणं-घेणं चालायचंच. तुला काय इचारायचं ते आबांना इचार."

हे हसणं मला बिलकूल आवडलं नाही. आबांनी या वयात कुणाशी लग्न केलं असतं तरी मी समजून घेतलं असतं, असं मी एसटीत बसून स्वतःला सांगत होते. पण मला न सांगता? आईच्या ओट्यावर? कराड येईपर्यंत माझा राग इतका वाढला की कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले.

अशात अध्यक्षांनी बातमी आणली. शर्यतीला पाहुणे म्हणून एक रिटायर कर्नल येणार, शर्यत सुरू करायचा झेंडा तेच दाखवणार. "आमच्या मास्तरांची आणि त्यांची गाठ घालून देतो. दोन फौजी भेटले की बघा कसे गप्पांना रंगतात!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांचा चेहरा उतरला. त्या दुपारी त्यांनी अर्धी भाकरी ताटात टाकली. मिलिटरीतून आल्यापासून त्यांनी ताटात अन्नाचा कण टाकलेला मी पाहिला नव्हता.

"आपलं नाव काडून घिऊ या का? गुडगा दुखतोय माजा."

"काही दुखत नाही. काल जिना चढलात की."

"त्या कर्नलसायबानं काय इचारलं तर?"

"काय विचारणार? तुम्ही त्यांच्यातलेच की."

आबा गुडघा चोळत बसले. त्यांना कसली तरी भीती वाटत होती, एवढं मला स्पष्ट दिसलं. आबांना भीती वाटू शकते, हेच मला नवीन होतं.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी शेवटचा सराव होता. आबा खांद्यावर जुनी हिरवी पिशवी घेऊन निघाले. पिशवी चांगलीच जड होती आणि आत भांडी वाजत होती.

"काय आहे त्यात?"

"तुला काय करायचंय?"

काकूंनी दिलेला फराळ असणार, मी मनात नोंद केली. टाकीपाशी पोचल्यावर आबांनी पुन्हा गुडघ्याचं काढलं. म्हणाले, तू पुढं हो, मी हितंच थांबतो. जोडीची शर्यत, आणि माझा जोडीदार बाकड्यावर! मी नकाशा घेतला आणि तरातरा निघाले. बाकीच्या जोड्याही वेगवेगळ्या वाटांनी पांगल्या.

दोन झेंडे मला बरोबर सापडले. तिसरा शोधायला घळीत उतरले आणि मागं वळून पाहिलं तर मागं काहीच नव्हतं. धुकं खालून वर आलं होतं. गवत, झाडं, मी आले ती वाट, सगळं त्यात गेलं. होकायंत्र इमानानं उत्तर दाखवत होतं. पण मी स्वतः कुठं आहे तेच माहीत नसेल तर उत्तर कळून उपयोग काय? जरा पुढं गेले तर पायाखाली मुरूम घसरला. खाण याच अंगाला होती. मोबाईलला रेंज नव्हती. मी हाका मारल्या, त्या माझ्याच कानाशी विरल्या. खरं सांगते, मी रडायला लागले. आणि रडतानाही आबांवर चिडत होते, की मास्तर म्हणवतात आणि बसलेत खाली आरामात.

तेवढ्यात आवाज आला. टण, टण. मग जरा थांबून, टण.

मी गप्प उभी राहिले. पुन्हा तसाच. भांड्यावर काहीतरी आपटल्याचा, जाड आणि सावकाश. देवळातली घंटा नव्हे, काम करणाऱ्या माणसाचा हात होता तो. मी खाणीकडं पाठ केली आणि आवाजाकडं चालायला लागले. चुकीच्या बाजूला वळले की तो बारीक व्हायचा, नीट चालले की मोठा. गवतातून, काट्यांतून, बसून घसरत मी खाली आले तर टाकी दिसली, आणि टाकीपाशी आबा. एका हातात मोठ्या पातेल्याचं झाकण, दुसऱ्या हातात पळी. बाकड्यावर स्टोव्ह, स्टोव्हवर चहा. शेजारी पुऱ्यांचा डबा.

माझ्याकडे त्यांनी एकदा नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बडवणं सुरूच ठेवलं. एकेक करून सगळे आले. शेवटी अध्यक्ष आले, पँट गुडघ्यावर फाटलेली. आल्या आल्या म्हणाले, "काय सिग्नल दिला मास्तरांनी! याला म्हणतात मिलिटरी ट्रेनिंग!" सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आबा खाली मान घालून कपात चहा ओतत होते. पातेलं तिरकं करून ओतत होते, आणि एक थेंब बाहेर जात नव्हता.

मी पुरी उचलली. टम्म फुगलेली, सगळ्या एका मापाच्या. कांद्यासारख्याच.

उतरताना मी त्यांची पिशवी धरली आणि म्हणाले, "आबा, त्या धुक्याच्या गोष्टीत होकायंत्र नव्हतंच ना?"

"मी कवा म्हनलो हुतं म्हनून? तूच लिवलंस निबंदात."

"मग?"

आबा थांबले. मंडळी पुढं जाऊ दिली. "मी लंगरात हुतो, बाय. कुक. भरती झाल्यापासनं रिटायर हुईस्तवर. पोरं गस्तीला गेली, धुकं पडलं. मी लंगराच्या भाईर आलो आन् परात बडवाय लागलो. हात सुजलं. पन एक एक करून समदी आली. मग त्यास्नी गरम च्या दिला. झालं. एवडीच गोष्ट."

"आईला माहीत होतं?"

"लग्नाआदीच सांगितलं तिला. ती म्हनली, फौजी म्हना, फुडचं कुनी इचारत न्हाई. आन् खरंच कुनी इचारलं न्हाई गं. भावकीला कळलं आसतं तर जलमभर म्हनली आसती, मिलिटरीत जाऊन भाकऱ्या थापल्या ह्यानं."

म्हणून घरात तांब्यासुद्धा उचलला नाही. उचलला असता तर हाताची सवय दिसली असती. आई गेल्यावर ते दार लावून स्वयंपाक करायला लागले. वास तेवढा लपला नाही. समोरच्या काकूंना तो पहिल्याच आठवड्यात कळला, आणि त्यांचा डबा रिकामा यायचा आणि आबांकडून भरून जायचा. मला हसू येत होतं. इतके आठवडे मी ज्या बाईच्या मागावर होते, ती बाई म्हणजे माझे वडील होते.

"तुला हसाय येतंय," आबा म्हणाले. "समदे मास्तर म्हनत्यात मला. त्या कर्नलसायबानं चार मान्सांत इचारलं, कंची ट्रेड, म्हंजी फौजेत काम कंचं, तर काय तोंड दावू?"

खोटे दाखले पकडणाऱ्या माझ्या डोक्यात तेव्हा खोटं उत्तर तयार होतं. मी म्हणाले, "सिग्नल म्हणून सांगा, वायरलेसचं काम. अध्यक्ष तर आत्ताच म्हणाले."

आबा म्हणाले, "बघू."

शर्यतीच्या सकाळी आबा इस्त्रीचे कपडे घालून आले. हिरवी पिशवीही बरोबर होती. कर्नलसाहेब उंच, सावकाश बोलणारे. अध्यक्षांनी आबांना पुढं ओढलं. "हे आमचे मास्तर. नकाशातले बाप माणूस!" कर्नलनी हात पुढं केला आणि नेमकं तेच विचारलं.

"कौन सी ट्रेड, साहब?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी 'सिग्नल' म्हणत होते. आबा ताठ उभे राहिले.

"कुक, साब. लंगर."

अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते म्हणाले, "अहो, मग आम्हाला नकाशा शिकवला कुणी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कुनी न्हाई! म्हनून तर त्या दिशी हरवलो!"

जो हशा पिकला त्यात आबाही होते, पण जरा उशिरा. कर्नल हसले नाहीत. त्यांनी आबांचा हात सोडला नव्हता. "आज क्या बना है?" त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "पूरी-भाजी, साब," आणि तेव्हा कुठं त्यांचे खांदे खाली आले.

मला वाटलं, आता ते टाकीपाशीच थांबतील. पण त्यांनी पिशवी शर्यत बघायला आलेल्या समोरच्या काकूंकडे दिली, माझ्या हातातला नकाशा घेतला आणि म्हणाले, "चल. उत्तर कंच्या अंगाला हाय ते दाव आता." चालता चालता मी त्यांना शिकवत गेले. नकाशावरच्या रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाट. आबा प्रत्येक झेंड्यापाशी चिमटा दोनदा दाबून बघत होते. चौथ्या झेंड्यापाशी ते ऐकेनात, नकाशा त्यांच्या हिशेबानं धरला, आणि आम्ही व्यवस्थित चुकलो. ऊन चढलं. बाकीच्या जोड्या खाली पोचल्याचा गलका झाला, बक्षिसांच्या टाळ्याही झाल्या. आम्ही वर गवतात.

मग खालून आवाज आला. टण टण टण टण, काही ताळतंत्र नसलेला. अध्यक्ष झाकण बडवत असणार. आम्हाला बोलवत होते.

"चला आबा," मी म्हणाले, "तिकडं आहे टाकी."

आबा हलले नाहीत. मान तिरकी करून, नकाशा छातीशी धरून ते ऐकत होते. इतकी वर्षं नोकरी केली, पण या आवाजाच्या या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते.

"आगं," ते म्हणाले, "हितं आसं ऐकाय येतं व्हय?"

आणि डोळे पुसायला त्यांनी नकाशाच वापरला. खालचं बडवणं थांबेपर्यंत आम्ही तिथंच उभे राहिलो.